मडक्यातली धग

मडकं उघडलं तेव्हा हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं तरी उभी असतील, पण कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही.

विझवणाऱ्या काकांनी आधी मडक्याभोवतीचं लोकरीचं कापड उलगडलं. मग तोंडावर बांधलेली विरविरीत चिंधी सोडली. मग खिशातून चिमटा काढून आतला बोळा अलगद बाहेर घेतला. सकाळी ती सुती कापडाची पांढरीशुभ्र घडी होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता तिच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, मध्यभाग काळवंडला होता आणि त्यातून धुराची एक बारीक रेघ छताकडे निघाली होती. ना काडी, ना कोळसा, ना विजेची वायर. काकांनी तो बोळा समोरच्या म्हाताऱ्याच्या तळहाताला क्षणभर टेकवला. म्हातारा हात झटकून मागे सरला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हे तुमच्या मुलाच्या छातीत होतं," काका हळू आवाजात म्हणाले. "आता इथं आहे."

लोकांनी तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी राहिली होती. दोघी-तिघी तिथल्या तिथं फरशीवर बसल्या. कोपऱ्यातल्या बाकावर विणणाऱ्या काकू होत्या. त्यांनी सुया न थांबवता मान हलवली आणि शेजारणीला सांगितलं, "आमच्या ह्यांची आग अशीच काढली. शेवटची घडी गार लागली, तेव्हा हे शांतपणे गेले." काकूंचा नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी त्या रोज इथं येऊन बसायच्या. काकांना एवढा भक्कम साक्षीदार विकत घेऊनही मिळाला नसता.

हा हॉल म्हणजे आयसीयूबाहेरची नातेवाइकांची जागा. लांबट, पिवळट भिंतींची, मध्ये लाकडी बाकांच्या दोन रांगा, एका टोकाला थंड पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला गोल काचेचं दार. ते दार उघडलं की आतल्या यंत्रांचा फुसफुस आवाज बाहेर यायचा आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून तिकडे बघायचा. अलीकडे या हॉलमध्ये मडकी दिसू लागली होती. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पिशवीत, खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने. प्रत्येक मडकं लोकरीत गुंडाळलेलं. येता-जाता लोक त्यांना हात लावून बघायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा.

यातलं एक मडकं बाईंच्या मांडीवर होतं, आणि खरी गंमत तीच होती. बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. आठवी ते दहावीची पोरं त्यांना टरकून असायची, कारण कुणी 'सर, म्हणजे बाई, असं म्हणतात की' अशी सुरुवात केली की त्या विचारायच्या, "कोण म्हणतं? त्याने करून पाहिलंय का?" अशा बाई गेले काही दिवस एक मडकं उराशी धरून बसल्या होत्या, आणि ते कोमट झालंय का, हे घडोघडी हात लावून बघत होत्या.

आत होता त्यांचा दादा. लिफ्ट दुरुस्त करणारा, धट्टाकट्टा, जिने चढताना शिट्टी वाजवणारा. आधी साधा फ्लू झाला, मग तो छातीत उतरला आणि बघता बघता दोन्ही फुफ्फुसांनी हात टेकले. आता तो व्हेंटिलेटरवर होता, झोपेच्या औषधाखाली, दिवसातला बराच वेळ पालथा. त्याला पालथा करायला पाच-सहा माणसं लागायची. कुणी डोकं धरायचं, कुणी नळी, आणि एकजण मोठ्याने आकडे म्हणायचा. बाईंनी ते एकदाच काचेतून पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना आणि वहिनींना बाजूच्या खोलीत बसवून सगळं समजावलं होतं. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण हातचं राखून बोलणारे नव्हते. फुफ्फुसात लाखो बारीक फुगे असतात, ते म्हणाले, आणि त्या फुग्यांच्या पेशींचं आवरण मेदाम्लांचं असतं, म्हणजे एका तऱ्हेच्या चरबीचं. रोगजंतूंशी लढताना शरीर स्वतःच ऑक्सिजनचे असे उपद्रवी कण तयार करतं की ते या चरबीवरच तुटून पडतात. एक रेणू बिघडला की तो शेजारचा बिघडवतो. आवरणं फाटतात, पाणी आत झिरपतं, फुगे बुडतात. "समजा की फुफ्फुसात आग लागलीय," असं ते म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले की ही ज्योतीची आग नव्हे, हे नुसतं समजण्यापुरतं. ते पुढचं वाक्य त्या खोलीत कुणीच ऐकलं नाही.

"मग विझवायचं औषध?" वहिनींनी विचारलं होतं.

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. जगभर खूप शोधलंय, ते म्हणाले, माशाचं तेल देऊन पाहिलं, जीवनसत्त्वं देऊन पाहिली, पण खात्रीने गुण येतो असं म्हणता येत नाही. आपण यंत्राने श्वास द्यायचा, पालथं झोपवायचं, ऑक्सिजन लागेल तेवढाच ठेवायचा कारण जास्तीचा ऑक्सिजनही इजा करतो. बाकी शरीर आपलं आपण सावरतं, त्याला वेळ मिळवून देणं हेच आमचं काम.

खरं बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. वहिनींच्या मनात त्या सगळ्यातून तीनच गोष्टी उरल्या. आग आहे, औषध नाही, आणि यंत्रातला ऑक्सिजन जाळतो. त्या डोळे पुसत हॉलमध्ये आल्या तेव्हा विझवणारे काका बाकावर बसलेच होते.

काकांकडे बघून कुणाला संशय यावा असं काही नव्हतं. जटा नाहीत, माळा नाहीत, धूप नाही. इस्त्रीचा फिकट शर्ट, कानावर नीट विंचरलेले पांढरे केस, काखोटीला रेक्झिनची बॅग. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला कारकून म्हणून सहज खपले असते. ते मंत्र म्हणायचे नाहीत, ते डॉक्टरांचंच म्हणायचे. "मी कुठं काय नवीन सांगतोय? आग आहे हे डॉक्टर स्वतःच बोलले ना तुम्हाला? मोठी माणसं आहेत, शिकलेली आहेत. त्यांना आग दिसते. काढता येत नाही एवढंच. प्रत्येकाचं काम वेगळं असतं." आणि वर डॉक्टरांविषयी वाईट बोलू नका असंही बजावायचे. डॉक्टर हॉलमधून गेले तर हे उठून उभे राहायचे. बिचाऱ्या डॉक्टरांना वाटायचं, हे कुणा पेशंटचे वडील असतील.

पद्धत साधी होती. भेटीच्या वेळी एक कोरी सुती घडी आत न्यायची आणि पेशंटच्या छातीवरून फिरवून आणायची. नर्स बघायची, घाम पुसतायत म्हणून काही बोलायची नाही. बाहेर आल्यावर काका घडीवर आपल्या बाटलीतलं तेल घालायचे. का, तर आग तेलाला चिकटते. मग ती चुरगाळून, घट्ट बोळा करून मडक्यात कोंबायची आणि वर लोकर गुंडाळायची. का, तर आगीला वारा लागला की ती परत मालकाकडे जाते. असे कारणांचे डबे त्यांच्याकडे भरलेले होते, हवं ते उघडून दाखवायचे. पहिली घडी तापायची, दुसरी जरा जास्त तापायची. तिसरी गार राहिली की काका दोन्ही हात जोडून सांगायचे, "निघाली. आता ती नळी काढायला लावा. यंत्राच्या हवेने पुन्हा पेटायच्या आत माणूस घरी न्या." पैसे ते मागत नसत. लोकच त्यांच्या बॅगेत घालत.

बाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. पण वहिनींनी दादाच्या छातीवरून घडी फिरवून आणली, दुपारी घरी जाऊन जरा पडून या म्हणून बाईंच्या हातात मडकं दिलं, आणि बाईंनी ते घरी दादाच्या खोलीत, त्याच्या रिकाम्या पलंगाच्या उशाशी नेऊन ठेवलं. तासा-दोन तासांनी सहज हात लावला. मडकं कोमट होतं. खोलीत ऊन येत नव्हतं, शेगडी नव्हती, कुणी आलं-गेलं नव्हतं. बाई बघत राहिल्या आणि त्यांच्या हाताखाली ते मडकं हळूहळू तापत गेलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण बाईंनी लोकर सारून नाक जवळ नेलं, आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. मडक्याला दादाचा वास येत होता. औषधाचा नाही, दवाखान्याचा नाही, दादाचा. लहानपणीच्या दादाचा, उन्हातून आलेला, हसणारा. वहिनींना तो येत नव्हता, त्यांनी वास घेतला आणि तेलाचा आहे म्हणून सोडून दिलं. बाईंना मात्र डोळे मिटले की दादा त्या खोलीत उभा असल्यासारखं वाटायचं. मग त्यांनी वर्गात शिकवलेलं सगळं एकीकडे आणि ते मडकं एकीकडे, असं झालं. दुसऱ्या मडक्याशी त्या चक्क बोलल्या. "दादा, त्रास होतोय का रे?" असं विचारलं आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या. शाळेत गेल्या तर फळ्यावर अर्धी आकृती काढून थांबल्या. घरात कुठल्याही खोलीत असल्या तरी ते मडकं पलीकडे तापतंय, ही जाणीव त्यांना सोडत नव्हती. भीती वाटत होती आणि ते दूर ठेववतही नव्हतं.

मग तिसरी घडी आली. दुपार टळायला आली तरी मडकं गारच राहिलं. बाईंनी वहिनींना तसं कळवलं.

वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी जीव होता. काकांना सांगितलंय, उद्या दुपारी ते स्वतः येऊन मडकं बघणार आहेत. डॉक्टरांनाही सांगून टाकलंय की उद्या घरी नेतोय. ते नाही म्हणतायत, चिडलेत, नळी काढली तर काही तासांत जाईल म्हणतायत. "पण ताई, त्यांना मडक्याचं कुठं माहीत आहे?" वहिनी म्हणाल्या. वहिनी वयाने मोठ्या, तरी नणंद म्हणून बाईंना ताईच म्हणायच्या. फोन ठेवून बाई दादाच्या खोलीत गेल्या आणि मडक्याला नाक लावलं.

दादा तिथं नव्हता.

मडक्याला डोक्याला लावायच्या साध्या खोबरेलाचा वास येत होता. तो दुसरा वास गेला होता, पार पुसून टाकल्यासारखा. दादा गेला, एवढंच बाईंच्या मनात आलं. त्यांनी पुन्हा फोन लावला आणि कसंबसं विचारलं, "वहिनी, दादा?"

"आहेत तसेच आहेत. आत्ताच बघून आले. का हो?"

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. दादा होता. जसाच्या तसा होता. मग गेलं कोण? आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःला तो प्रश्न विचारला, जो त्या पोरांना उठता-बसता विचारायच्या. दादाचा वास म्हणजे नेमका कशाचा वास?

उत्तर पलंगाखालीच होतं. बाईंनी वाकून दादाची जुनी बॅट ओढून काढली. पोरवयात दादा दर सुट्टीत पायरीवर बसून त्या बॅटला जवसाचं तेल चोळायचा आणि बाई बाटली धरून शेजारी बसायच्या. बॅटीच्या पात्याला अजून तो वास होता. तोच. दादाचा म्हणून त्यांनी उराशी धरला होता तो वास जवसाच्या तेलाचा होता, आणि काकांच्या पहिल्या दोन घड्यांवर तेच तेल होतं.

त्याच्या मागोमाग आणखी एक आठवण वर आली, वर्षानुवर्षं दबून राहिलेली. एकदा तेल चोळून झाल्यावर दादाने तेलकट फडकं चुरगाळून ट्रंकेमागे फेकलं होतं. संध्याकाळी घरात जळका वास सुटला, आणि वडिलांना ट्रंकेमागे ते फडकं मधोमध जळून काळं झालेलं सापडलं. पोरगं चोरून विड्या ओढतंय, हे उघडच होतं. दादाने मार खाल्ला, आणि शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला की मी काडी ओढलीच नाही. त्याचं कुणी खरं मानलं नाही. बाटली धरणाऱ्या धाकट्या बहिणीनेही नाही. बाईंनी बॅट मांडीवर घेतली आणि दादा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

रडून झाल्यावर उठल्या, तोंड धुतलं आणि रंगाच्या दुकानात गेल्या. फर्निचरला लावायचं उकळलेलं जवसाचं तेल मागितलं. दुकानदाराने बाटली देताना सवयीने बजावलं, तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका हं, पसरून वाळत टाका. बाटलीवरही तेच छापलेलं होतं. जे रंगाच्या दुकानात फुकट सांगतात त्याला हॉलमध्ये चमत्कार म्हणत होते.

घरी येऊन बाईंनी तीन घड्या केल्या. एक स्वतःच्या छातीवरून फिरवली, एक स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून, आणि एक कशालाच लावली नाही. तेल घालून, बोळे करून, लोकरीत गुंडाळून जुन्या भांड्यांत ठेवल्या आणि समोर बसून राहिल्या. आता कारण माहीत होतं. तरीसुद्धा भिंतीची घडी हाताखाली कोमट होऊ लागली तेव्हा त्यांना पुन्हा धस्स झालं. कळलं म्हणजे भीती लगेच जाते असं नाही. ती आपल्या सवडीने जाते.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडल्या उघडल्या बाई तिथं हजर होत्या. विणणाऱ्या काकूंखेरीज कुणी नव्हतं. बाईंनी कोरी घडी काढली आणि काकू बसल्या होत्या तो बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. काकूंना वाटलं साफसफाई चाललीय. त्यांनी लोकरीचा गुंडा उचलला आणि पाय वर घेतले. बाईंनी घडीवर तेल घातलं, बोळा मडक्यात दाबला, लोकर गुंडाळली आणि मडकं घेऊन बसून राहिल्या. काकूंनी विचारलं, "तुमच्या भावाची का?" बाई म्हणाल्या, "थोडं थांबा काकू, सांगते."

दुपारी भेटीची वेळ झाली आणि हॉल भरला. वहिनी दादाचे कपडे बॅगेत भरूनच आल्या होत्या, खाली गाडीवाला थांबला होता. डॉक्टर गोल काचेच्या दारात उभे राहून त्यांना शेवटचं समजावत होते. इतक्यात काका आले. बाई उठल्या आणि मडकं त्यांच्यापुढे धरलं. तिसऱ्या घडीचं तेवढं नंतर बघा, म्हणाल्या, आधी हे बघा, एक नवीन पेशंट आहे, काल रात्रीपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता.

काकांनी दोन्ही तळवे मडक्यावर ठेवले. ते चांगलंच तापलं होतं. काकांचा चेहरा गंभीर झाला.

"जबरदस्त आग आहे," ते म्हणाले. "तरुण आहे ना?"

"नाही, बरंच वय झालंय."

"तरीच. जुनी आग. आयुष्यभर लोकांचं ओझं सोसलेला माणूस दिसतोय."

"ते मात्र अगदी खरं," बाई म्हणाल्या. "काका, ही घडी मी या बाकावर फिरवली. पेशंट तुमच्यासमोर आहे."

मागे कुणीतरी फसकन हसलं. काकांनी पापणीही हलवली नाही. हात मागे घेऊन मान हलवली आणि समजूत घालावी तसं म्हणाले की बाईंवर ताण आहे, भावाच्या काळजीने माणूस काहीही बोलतो, आगीची अशी चेष्टा करणाऱ्याच्या घरी ती स्वतः चालत येते. दोघांनी बाईंकडे रागाने पाहिलं. क्षणभर वाटलं, काका यातूनही निसटणार.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"बाकच पुसला तिने," विणणाऱ्या काकू म्हणाल्या. "मी इथंच होते. मी पाय वर घेतले होते."

काकूंचं बोलणं म्हणजे काकांचंच बोलणं, अशी आजवर हॉलची समजूत होती. त्यामुळे सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. बाईंनी तो मोका साधला आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं, आवाज न चढवता. जवसाच्या तेलात अशी मेदाम्लं असतात की ती हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि ओढताना उष्णता सोडतात. फडकं पसरून टाकलं तर ती ऊब हवेत निघून जाते. बोळा करून लोकरीत गुंडाळलं की ती आतच कोंडते, उबेने क्रिया आणखी वेगाने होते, आणि शेवटी कापड जळतं. त्याला पेशंट लागत नाही. खोबरेल तेलात ती मेदाम्लं जवळजवळ नसतात, म्हणून ते तापत नाही. "काकांच्या बॅगेत दोन बाटल्या आहेत," बाई म्हणाल्या. "कुणीही वास घेऊन बघा. आग कधी निघाली हे पेशंट ठरवत नाही, बाटली ठरवते."

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळून त्यांनी पुढचंही सांगितलं, कारण अर्धं सांगून चालणार नव्हतं. डॉक्टर म्हणतात ते खरंच आहे. फुफ्फुसातल्या मेदाम्लांचंही असंच काहीसं होतंय, त्याच जातीची क्रिया. म्हणूनच तर ही थाप इतकी पटते. पण ती क्रिया प्रत्येक पेशीत, तिथल्या तिथं चाललीय. ती छातीच्या कातडीवरून फडक्याला चिकटून बाहेर येत नाही. आणि ती चालू असताना नळी काढली तर माणसाला श्वास कोण देणार?

तोवर तळहाताला चटका बसलेल्या त्या म्हाताऱ्याने काकांची बॅग उघडली होती. त्याने एक बाटली हुंगली, मग दुसरी हुंगली आणि दोन्ही शेजाऱ्याच्या हातात दिल्या. बाटल्या रांगेने फिरत गेल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर गेलं नाही. या हॉलमध्ये कुणाच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं. बाटल्यांची फेरी पुरी होऊन लोक मागे बघतात तो काका बॅग तिथंच टाकून जिन्याने पसार झाले होते.

वहिनी मात्र बाईंवर फिरल्या. "माझ्याकडे तेवढंच होतं," त्या म्हणाल्या. "हातात धरायला तेवढंच होतं. आता काय धरून बसू?" बाईंनी वहिनींचा हात धरला, वहिनींनी तो सोडवून घेतला, आणि मग जरा वेळाने आपण होऊन पुन्हा दिला. गाडीवाल्याला परत पाठवलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की आज दादाला पालथं करताना कुणाला त्याच्याशी बोलायचं असेल तर दाराशी उभं राहून बोला, ऐकू जातं की नाही ते सांगता येत नाही, पण उभं राहायला हरकत नाही. बाई गेल्या, आणि या वेळी शेवटपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

परत आल्या तर विणणाऱ्या काकू त्यांची वाट बघत होत्या. सुया थांबल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या थांबलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

"बाई, एक विचारते. आमच्या ह्यांची तिसरी घडी गार होती. म्हणून मी नळी काढायला लावली. डॉक्टर नको नको म्हणत होते. म्हणजे आग आतच होती?"

बाईंच्या मनात आलं, खोटं बोलावं. एक शब्द खोटा, आणि या बाईचं उरलेलं आयुष्य सुखाचं होईल. पण खोटं बोलून दिलेलं सुख या हॉलमध्ये पुरेसं वाटून झालं होतं.

"हो काकू," त्या म्हणाल्या. "घडीवर दुसरं तेल होतं."

"ते वाचले असते?"

"ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नसतं. पण त्या घडीलाही ते माहीत नव्हतं."

काकूंनी मान हलवली. रडल्या नाहीत. बराच वेळ त्या बसल्या बाकावर हात फिरवत राहिल्या आणि मग विणकाम पिशवीत भरून घरी गेल्या. त्या दिवशी आपण त्यांचं काय काढून घेतलं, हा विचार बाईंना पुढे कितीतरी दिवस छळत होता.

दादाची नळी निघाली, पण त्याला खूप दिवस लागले. घसा बसला होता, पायात ताकद नव्हती, दोन जिने चढायला अर्धी दुपार लागायची. म्हाताऱ्याचा मुलगा मात्र वाचला नाही. बापाने शेवटपर्यंत यंत्र काढू दिलं नव्हतं, सगळं डॉक्टर म्हणतील तसं केलं होतं, तरी नाही. बुद्धीने वागलं की माणूस हमखास वाचतो असं कुणी सांगत असेल तर तोही एक विझवणारा काकाच समजावा. बुद्धी एवढंच करते, की जी काही संधी आहे ती आपल्याच हाताने घालवू देत नाही.

अशा जागा फार दिवस रिकाम्या राहत नाहीत. दादा सुधारत असतानाच हॉलमध्ये एक नवा गृहस्थ येऊ लागला, हसतमुख, गळ्यात शाल. त्याच्याकडे पाण्याची बाटली होती. पेशंटचं कपाळ पुसलेला कापूस त्यात पिळला की पाणी काळं व्हायचं. बाई हॉलमध्ये शिरल्या तेव्हा त्याच्याभोवती घोळका जमला होता आणि एक नवी मुलगी, बहुतेक नुकतंच लग्न झालेली, ओल्या डोळ्यांनी कापूस पुढे करत होती.

बाई पुढे होणार तोच घोळक्यातून काकू वाट काढत आल्या. बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या, हातात सुया नव्हत्या. त्यांनी मुलीच्या हातातला कापूस काढून घेतला आणि तिला दुसरा, कोरा कापूस दिला.

"आधी हा ह्या बाकाला पूस," त्या म्हणाल्या, "आणि मग त्यांना पिळायला सांग. पाणी काळं झालं तर तुझं तू ठरव. मी तेव्हा विचारलं नव्हतं. तू विचार."